जुन्या लॅपटॉपात दुसरी हार्ड डिस्क टाकली, लिनक्सले दिसते अन् विंडोजले नाई, काहून?

पराटी_आर्वी

नमस्कार मंडळी, प्रश्न लंबा आहे पन पूर्ण वाचजा, अर्धा वाचून सल्ला देजा नको.

आमचं आर्वी तालुक्यात लहानसं कृषी केंद्र आहे. दुकानात २००९ चा लॅपटॉप आहे, कोअर टू ड्युओ, रॅम २ जीबी, १६० जीबीची साटा हार्ड डिस्क, अन् त्याच्यात विंडोज एक्सपी, कंपनीतूनच टाकून आलेली. आता तुम्ही म्हनसान का बाप्पा अजून एक्सपी काहून, तर त्याच्यात बियाने-औषधाच्या बिलाचं सॉफ्टवेअर आहे, ज्यानं बनवलं त्यानं कवाचाच धंदा बंद केला, सीडी नाई, फोन लागत नाई, अन् साऱ्या कास्तकाराइची जुनी उधारी त्याच्यातच आहे. म्हून ते सोडता येत नाई.

झालं काय, का डिस्क मधातूनच कट् कट् आवाज करून रायली, कधी कधी लॅपटॉप चालू व्हाले पंधरा मिनिट लावते. पुतण्यानं त्याच्या नवीन लॅपटॉपात एसएसडी टाकली तर त्याची निघालेली १ टीबीची डिस्क मले देल्ली. अडीच इंचीच आहे, साटाच आहे, कनेक्टर सेम. म्हटलं स्क्रू काढा, लावा, काम खतम. पन नाई.

लावून चालू केला तर काळ्या स्क्रीनवर बूट डिव्हाइस नाई म्हनते. बायॉसमध्ये (लॅपटॉप चालू होताना विंडोजच्या आधीचं सेटिंगचं पान) गेलो तर तिथं डिस्कचं नाव बरोबर दिसते. विंडोज सेव्हनची डीव्हीडी लावली (६४ बिटवाली), तर डिस्क दिसते पन म्हनते का ही जीपीटी पार्टिशन स्टाइलची आहे, हिच्यावर विंडोज बसत नाई. एक्सपीची सीडी लावली तर डिस्कपर्यंत जातच नाई, निळी स्क्रीन येते, कोडच्या शेवटी ७बी. मंग जुनी डिस्क परत आत टाकली अन् ही नवीन यूएसबीच्या केसमध्ये टाकून एक्सपीले लावली, तर माय कॉम्प्युटरमध्ये काहीच नाई, डिस्क मॅनेजमेंटमध्ये लिहून येते 'जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन' अन् राइट क्लिक केलं तर सारे ऑप्शन फिक्कट.

अन् गंमत म्हंजे भाच्याच्या पेन ड्राइव्हमध्ये लिनक्स मिंट होतं, ते लावलं तर सारं दिसते! पुतण्याच्या लग्नाचे फोटो, व्हिडिओ, सारं. फक्त त्याच्यात नवीन फाइल पेस्ट करतो म्हटलं तर करू देत नाई, रीड ओन्ली म्हनते.

तालुक्याच्या ठिकानी एका दुकानवाल्याले दाखवली तर त्यानं हातात घेऊन सांगितलं का डिस्क खराब आहे, नवीन घ्या, नाई तर फॉरमॅट मारून देतो. पन खराब असती तर लिनक्सले कशी दिसली असती? अन् एकच डिस्क तिघाइले तीन तऱ्हेनं काहून दिसून रायली? रबीचा सीझन आहे, गव्हा-हरभऱ्याचं बियानं विकनं चालू आहे, दुकान सोडून नागपूरले जाता येत नाई. कोनाले अनुभव असन तर सांगजा.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ कायले डोकं लावता, एक्सपी गेली वाहून, २४० ची एसएसडी घ्या अन् विंडोज १० टाकून मोकळे व्हा. एक्सपीच टाकाची असन तर बायॉसमध्ये साटा मोड (डिस्कसंग बोलाची पद्धत) एएचसीआय, म्हंजे नवी, असन ते आयडीई, म्हंजे जुनी, करा, निळी स्क्रीन जाते. दोन मिनिटाचं काम.

पराटी_आर्वी

ठेचा भाऊ, केलं. एएचसीआय होतं ते आयडीई केलं. एक्सपीची सीडी पुढं सरकली, पन पार्टिशनच्या पानावर १ टीबीची डिस्क १३१ हजार एमबीच्या आसपासच दाखवून रायली. बाकीची कुठं गेली? भेव वाटला म्हून तिथूनच एफ३ दाबून भाईर पडलो.

अन् आता खरा लोचा. जुनी डिस्क परत लावली तर ते पन निळी स्क्रीन देऊन रायली! तोच ७बी. सकाळपर्यंत चालत होती. दुकानात गिऱ्हाईक उभे आहे, कागदावर बिल लिहून रायलो. लवकर सांगा कोनी.

पेचकस_बडनेरा

घाबरू नका. बायॉसमध्ये जाऊन तो मोड परत एएचसीआय करा, एफ१० दाबून सेव्ह करा, जुनी एक्सपी पहिल्यासारखी चालू होईल. डिस्कला काही झालेलं नाही. आधी ते करा, गिऱ्हाईक सोडा, मग खालचं निवांत वाचा.

@वऱ्हाडी_ठेचा, भाऊ, हा मोड बदलायला सांगताना 'जुनी विंडोज ज्या मोडवर बसली त्याच मोडवर चालते' हे सांगायचं असतं ना. एक्सपी येऊन पडली २००१ मध्ये, तेव्हा एएचसीआय नावाची भानगड बाजारात नव्हतीच. म्हणून तिच्या सीडीत तो ड्रायव्हर नाही. लॅपटॉप बनवणाऱ्यांनी कंपनीतच ड्रायव्हर घालून एक्सपी बसवली, म्हणून ती एएचसीआयवर चालते. सीडीवाली साधी एक्सपी आली की तिला डिस्क कंट्रोलरच ओळखता येत नाही, ७बी म्हणजे तेच, 'ज्या डिस्कवरून मी चालू होणार ती मला सापडत नाही'. आता तुम्ही मोड उलटा केला तर जुन्या एक्सपीला उलटा त्रास झाला, तिच्यात एएचसीआयचा ड्रायव्हर बूटला लागतो, आयडीईचा नाही. विस्टा अन् सेव्हनमध्ये एएचसीआयचा ड्रायव्हर सोबतच येतो, पण तिथंही सेव्हन आयडीईवर बसवली अन् नंतर मोड बदलला तर हाच निळा पडदा, कारण न वापरलेला ड्रायव्हर ती बंद करून ठेवते. लोक म्हणतात डिस्क मेली, अन् डिस्क आपली चांगली धडधाकट.

आता जीपीटीचं. डिस्कवर कोणता भाग कुठून कुठपर्यंत, हे सुरुवातीला एका तक्त्यात लिहिलेलं असतं. जुन्या पद्धतीचा तक्ता एमबीआर, नव्या पद्धतीचा जीपीटी. शेत तेच, धुरे तेच, फक्त सातबारा नव्या नमुन्यात आला अन् जुन्या तलाठ्याला तो वाचता येत नाही, एवढीच गोष्ट. पुतण्याचा लॅपटॉप नवीन, त्यात यूईएफआय (बायॉसची नवी पिढी), म्हणून विंडोज १० नं तिथं जीपीटी केली. ३२ बिट एक्सपीला जीपीटी वाचताच येत नाही, तिला पूर्ण डिस्क एकाच कुलूपबंद तुकड्यासारखी दिसते अन् तो तुकडा तिच्या हातून मोडू नये म्हणूनच त्याला प्रोटेक्टिव्ह म्हणतात. राइट क्लिकचे ऑप्शन फिक्कट आहेत हे तुमचं नशीब समजा. सेव्हनला जीपीटी वाचता येते, डेटा डिस्क म्हणून लावली तर ती मस्त दाखवेल, पण तिच्यावरून बूट करायला ६४ बिट सेव्हन अन् यूईएफआय दोन्ही लागतं. २००९ च्या लॅपटॉपात साधं बायॉस असणार. म्हणून 'दिसते पण बसत नाही'. लिनक्सला दोन्ही तक्ते वाचता येतात, एएचसीआयही येतं, एनटीएफएसही (विंडोजची फाइली ठेवायची पद्धत) येतं, म्हणून तिथं सारं दिसलं.

म्हणजे डिस्क एकच, पण तीन विंडोज-लिनक्स तीन वेगळ्या ठिकाणी अडकले. एक कंट्रोलरवर, एक तक्त्यावर, एक कुठंच नाही. दुकानवाल्यानं हातात घेऊन खराब आहे सांगितलं म्हणता, हातात घेऊन तर मलाही कळत नाही, अन् माझी दाढी याच कामात पिकली.

१३१ हजार एमबीचं कोडं सोपं आहे. तुमची एक्सपीची सीडी पहिल्या काळातली आहे, सर्व्हिस पॅक (मायक्रोसॉफ्टचं मोठं सुधारणा-अपडेट) नसलेली. जुन्या पद्धतीत सेक्टरचा नंबर २८ बिटात लिहीत, म्हणजे जास्तीत जास्त २६,८४,३५,४५६ सेक्टर, गुणिले ५१२ बाइट, झाले १३७ जीबी. त्याच्या पुढचं तिला मोजताच येत नाही. ४८ बिटाचा हिशोब एक्सपीत सर्व्हिस पॅक १ पासून आला, २००२ मध्ये. तशा सीडीनं मोठ्या डिस्कवर काम करणं धोक्याचं आहे, हद्दीच्या पुढं लिहायला गेली तर डेटा खराब होतो. तुम्ही एफ३ दाबून बाहेर पडलात ते लय चांगलं केलं.

आता मला सांगा: जुनी एक्सपी सर्व्हिस पॅक किती आहे (माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज), आणि पुतण्याचा डेटा ठेवायला दुसरी कोणती डिस्क आहे का. तोवर कोणी काहीही म्हटलं तरी फॉरमॅट नाही, इनिशियलाइज नाही. विंडोज विचारेल, आपण कॅन्सल.

पराटी_आर्वी

पेचकस भाऊ, चालू झाली!! एएचसीआय केलं अन् लगेच. तुमाले आर्वीले आल्यावर चहा लागू.

सर्व्हिस पॅक ३ दाखवते. पुतण्याजवळ ५०० जीबीची एक एक्स्टर्नल आहे, रिकामी करून देतो म्हनते. पन लिनक्समध्ये रीड ओन्ली म्हनते त्याचं काय? फोटो निघतीन ना?

खडू_फळा_दिग्रस

रीड ओन्लीचं मी सांगतो, आमच्या शाळेच्या लॅबमध्ये हा प्रकार नेहमीचा. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. आपण शट डाउन दाबतो तेव्हा विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपते, म्हणजे हायबरनेट सारखं काहीतरी डिस्कवर लिहून ठेवते की उद्या लवकर उठता यावं. मग ती डिस्क काढून लिनक्सला लावली की लिनक्स म्हणतो मालक अजून घरात झोपला आहे, मी सामान हलवणार नाही, फक्त बघू देतो. ते बरोबरच आहे त्याचं. नेटवर काही ठिकाणी ती झोपेची फाइल जबरदस्तीनं उडवायची युक्ती दिलेली असते, ती आत्ता वापरू नका, तुम्हाला लिहायचं नाहीच, फक्त बाहेर काढायचं आहे आणि कॉपी करायला रीड ओन्ली पुरतं. उलट बरंच, चुकून डिलीट तरी होणार नाही.

मात्र ती ५०० जीबीची डिस्क कोणत्या फॉरमॅटमध्ये आहे ते बघून घ्या. फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची एकही फाइल त्यात जाणार नाही आणि लग्नाचा व्हिडिओ म्हणजे एकेक फाइल मोठी असते, फोटोग्राफरवाले तसेच देतात. एक्सफॅट केली तर विंडोज १० आणि नवीन लिनक्स दोघांना चालेल (लिनक्सच्या कर्नलमध्ये एक्सफॅट ५.४ पासून आतच आहे, २०१९ ला आलं), पण एक्सपीला एक्सफॅट आपोआप वाचता येत नाही, त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं वेगळं अपडेट होतं ते टाकावं लागतं. म्हणून अशा सरमिसळीत एनटीएफएस सगळ्यात कमी कटकटीचं. एक्सपी, सेव्हन, दहा, मिंट, चौघंही लिहितात-वाचतात. मॅकवाला कोणी असेल तर त्याला फक्त वाचता येईल, पण आपल्याकडे कोणाकडे आहे म्हणा मॅक.

आणि पुढं कधी विंडोज १० ची डिस्क लिनक्सला लावायची असेल तर बंद करताना शिफ्ट दाबून धरून शट डाउन करायचं, म्हणजे पूर्ण बंद होते.

जुनंतेसोनं_अकोट

पेचकसरावांनी सगळं सांगितलं पण एक राहिलंच. आजकालच्या १ टीबी लॅपटॉप डिस्क बहुतेक ४ के सेक्टरच्या असतात, बाहेरून ५१२ सांगतात आतून ४०९६. एक्सपी आपलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते, ६३ ला ८ नं भाग जात नाही, म्हणून प्रत्येक लिखाण दोन सेक्टरांवर सांडतं आणि डिस्क रखडते. विस्टापासून पुढं २०४८ व्या सेक्टरपासून, म्हणजे बरोबर १ एमबीवर सुरू होतं, तिथं हा प्रश्न नाही. माझ्याकडे अशी केस आली होती, नवी डिस्क जुनीपेक्षा हळू. त्यामुळे या गड्यानं लिनक्समध्ये जीपार्टेडनं (डिस्कचे भाग पाडायचा प्रोग्राम) एमआयबीला अलाइन केलेलं, म्हणजे त्या १ एमबीच्या हद्दीवर सुरू होणारं, पार्टिशन आधी बनवावं आणि सर्व्हिस पॅक ३ ची सीडी मिळवून त्या तयार पार्टिशनवर एक्सपी बसवावी, सेटअपमध्ये ते पार्टिशन डिलीट न करता. मोड आयडीई. हेच शास्त्रशुद्ध.

पेचकस_बडनेरा

सोनं भाऊ, शास्त्रशुद्ध आहे, मान्य, पण नवीन एक्सपी बसवून करायचं काय? सॉफ्टवेअरची सीडीच नाही ना त्यांच्याकडे. नवीन एक्सपीत ते बिलिंग कुठून आणणार, फोल्डर कॉपी करून चालणारं असतं तर गोष्ट वेगळी, बहुतेक वेळा रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या वहीत) काय काय लिहिलेलं असतं. इथं क्लोनच लागेल. जुनी डिस्क जशीच्या तशी, बाइट न् बाइट नव्यावर. मोड एएचसीआयच राहील, ड्रायव्हर आतच आहे, ७बीचा प्रश्नच मिटला. अलाइनमेंट चुकीची राहील हे खरं, पण दिवसाला पन्नास-शंभर बिलं फाडणाऱ्या दुकानाला तो फरक कळणारही नाही. तुम्ही व्हिडिओ एडिटिंगवाल्यासारखा विचार करून रायले.

जुनंतेसोनं_अकोट

क्लोनला विरोध नाही हो. मी फक्त म्हटलं की उद्या हळू वाटली तर कारण काय ते माहीत असावं. आणि सॉफ्टवेअरला लॉक असेल तर? काही जुनी बिलिंगची सॉफ्टवेअरं डिस्कचा नंबर बघून चालायची.

पेचकस_बडनेरा

हे मात्र पटलं. दोन प्रकारचे नंबर असतात. एक फॉरमॅट करताना विंडोज देते तो व्हॉल्यूम सिरियल, तो क्लोनबरोबर नव्या डिस्कवर येतो. दुसरा कारखान्यातून डिस्कच्या आत लिहिलेला, तो येत नाही. सॉफ्टवेअर पहिला बघत असेल तर चालेल, दुसरा बघत असेल तर अडेल. लावून बघितल्याशिवाय कळायचं नाही. जुनी डिस्क हातात आहे तोवर करून पाहायला काय जातं.

पराटी भाऊ, आता तुमच्यासाठी क्रम. आधी पुतण्याचा डेटा ५०० वर काढा अन् तो त्याच्याच लॅपटॉपवर उघडून दाखवा, त्यानं हो म्हटल्यावरच पुढं. मग नव्या डिस्कवरचा जीपीटीचा तक्ता पूर्ण उडवा. इथं लोक फसतात, कारण जीपीटी आपली एक नक्कल डिस्कच्या अगदी शेवटी पण ठेवते. १६० जीबीचा क्लोन १ टीबीवर टाकला की सुरुवातीचा तक्ता बदलतो, शेवटची नक्कल तशीच राहते, अन् मग नंतर काही प्रोग्राम म्हणतात ही जीपीटी, काही म्हणतात एमबीआर. मिंटमध्ये जीपार्टेड उघडा, वर उजवीकडे डिस्क निवडायची जागा आहे तिथं १ टीबीचीच निवडली ना हे आकारावरून बघा, नावावर भरोसा नको, मग डिव्हाइस मेनूतून नवीन पार्टिशन टेबल, प्रकार एमएसडॉस (म्हणजेच एमबीआर). त्यानं दोन्ही टोकं साफ होतात.

मग क्लोन. जुनी आत, नवी यूएसबी केसमध्ये. डिस्क कटकट करत असेल तर साधं कॉपीचं सॉफ्टवेअर एका खराब सेक्टरवर डोकं आपटत बसतं, म्हणून डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी चांगला भाग उचलून घेतं, खराब जागेवर नंतर परत परत जातं. त्याला एक मॅप फाइल द्यायची असते, ती वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा, मिंटवाल्या नाही, अन् दोन डिस्कपैकी कुठल्यावरही नाही. मधात लाइन गेली तर तीच मॅप फाइल देऊन परत चालू केलं की जिथं थांबलं तिथून पुढं जातं. आपल्याकडे हे लय कामाचं आहे, मी तर म्हणतो ते सॉफ्टवेअर विदर्भासाठीच बनवलं असावं. कमांड मी तुम्हाला मेसेजमध्ये फोटो काढून पाठवतो, त्यात पहिलं नाव जुन्या डिस्कचं, दुसरं नवीचं, उलटं झालं तर रिकामी डिस्क उधारीच्या डिस्कवर जाईल. दाबायच्या आधी स्क्रीनचा फोटो मला पाठवा, मी हो म्हटल्यावर एंटर.

यूएसबी २.० वरून सेकंदाला ३० एमबीच्या आसपास मिळतात, १६० जीबीला दीड-दोन तास धरा, डिस्क आजारी असली तर रात्रभरही लागेल. लॅपटॉपची बॅटरी गेलेली असेल तर इन्व्हर्टरवर लावा.

अजून एक, केसची वायर दोन तोंडाची आहे का बघा. जुन्या यूएसबी पोर्टातून ५०० मिलिअॅम्पिअर मिळतं, अडीच इंची डिस्कला फिरायला सुरुवात करताना त्याच्यापेक्षा जास्त लागू शकतं. कमी पडलं की चांगली डिस्कही कट् कट् करते अन् लोक म्हणतात हीही गेली.

केंद्रचालक_ताई_पुसद

मी आपलं सेवा केंद्राच्या बाजूनं बोलते. दादा, बिलिंगसाठी एक्सपी ठेवा, काही म्हणणं नाही, पण त्याच लॅपटॉपवर नेट लावून पिकविम्याचे फॉर्म नाहीतर बँकेचं काही करत असाल तर ते बंद करा. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. आताच्या सरकारी साइट तिच्या ब्राउझरमध्ये नीट उघडतही नाहीत, उघडल्या तरी आपण लोकांचे आधारचे कागद हाताळतो, तिथं जुनी विंडोज नकोच.

आणि वर कोणीतरी विंडोज १० टाका म्हटलं, तर तिचाही मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला ना. २ जीबी रॅम आणि फिरणारी डिस्क, त्याच्यावर दहा म्हणजे चालू करा आणि चहा मांडा. अकरा तर त्या लॅपटॉपला नियमात बसतच नाही, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे, यूईएफआय पाहिजे, प्रोसेसर आठव्या पिढीपासूनचा पाहिजे. माझा सल्ला, एक्सपी नेटशिवाय बिलापुरती, आणि उरलेल्या जागेत मिंटची हलकी आवृत्ती, एक्सएफसीई. फक्त ६४ बिट प्रोसेसर आहे ना ते बघा, आता मिंटची मुख्य आवृत्ती ३२ बिटात येत नाही. बोटाच्या ठशाचं मशीन, डीएससीचा (डिजिटल सहीचा) डोंगल असल्या गोष्टी लिनक्सवर चालवायला डोकं खपतं हे मी आधीच सांगते, त्यासाठी वेगळं मशीनच बरं.

वऱ्हाडी_ठेचा

ताई मी म्हटलं होतं ते. बरं बरं, दहा कॅन्सल. पन एसएसडीवर मी ठाम आहे. लॅपटॉपात साटा २ असली तरी एसएसडी चालते, फक्त पूर्न स्पीड भेटत नाई, तरी हार्ड डिस्कपेक्षा लय फास्ट. अन् पराटी भाऊ, ऑनलाइन घ्याले गेले तर एम.२ वाली पट्टी घेजा नको, स्वस्त दिसते पन तुमच्या लॅपटॉपात लावाले जागाच नाई, अन् एनव्हीएमई (नव्या जातीची एसएसडी) वरून तो जुना बायॉस बूट पन करनार नाई. अडीच इंची साटाच घ्या. ७ एमएम जाडीची राह्यते, जुन्या खाच्यात ९.५ वाल्या डिस्का बसत, म्हून जरा ढिली वाटन, सोबत प्लास्टिकची चौकट येते कधी कधी ते लावा, नाई तर पुठ्ठा.

खडू_फळा_दिग्रस

एक्सपीत ट्रिम नाही हे लक्षात असू द्या, सेव्हनपासून आहे. म्हणजे चालेल, पण डिलीट केलेली जागा एसएसडीला कळत नाही, भरत आली की मंदावते. बिलिंगला काही फरक पडत नाही म्हणा.

पराटी_आर्वी

मंडळी, खबर देतो. पुतण्याचे फोटो निघाले, त्यानं त्याच्या लॅपटॉपवर पाह्यले, व्हिडिओच्या दोन फाइली ४ जीबीच्या वरच्या होत्या, खडू सरानं सांगितलं म्हून एक्स्टर्नल आधीच एनटीएफएस करून घेतली होती, नाई तर तिथंच अटकलो असतो.

मंग टेबल उडवलं, पेचकस भाऊले फोटो पाठवला, त्याइनं हो म्हटलं, एंटर. डीडीरेस्क्यू सुरू झालं, पह्यले मस्त पळालं, मंग शेवटी शेवटी अटकून अटकून. मधातच लाइन गेली, अन् इन्व्हर्टरची वायर पोराईनं मोबाइल चार्जिंगले काढून ठेवली होती! लॅपटॉप ठप. लाइन आल्यावर तीच मॅप फाइल देऊन सुरू केलं तर खरंच पुढूनच चालू झालं. थोडासा भाग वाचताच आला नाई म्हनते, लय कमी, काही केबी.

आता नवी डिस्क आत टाकू का जुनी पन यूएसबीले लावून ठेवू? कंपेअर कराले बरं पडन.

पेचकस_बडनेरा

नाही! पहिल्या बूटला जुनी डिस्क पूर्ण बाजूला. दोन्हीची सही (डिस्कवर लिहिलेला ओळख-नंबर) सेम आहे, एक्सपीला दोन्ही एकदम दिसल्या तर ड्राइव्हची अक्षरं गोंधळतात, सी चं भलतंच काही होऊन बसतं अन् मग लॉगिनवरच अडकते. नवी एकटी आत, मोड एएचसीआय, चालू करा. निळ्या स्क्रीनवर चेकडिस्क सुरू झालं तर होऊ द्या, ते त्या वाचता न आलेल्या केबीमुळे असेल.

पराटी_आर्वी

चालू झाली. चेकडिस्क झालं, मंग एक्सपी आली, वॉलपेपर तोच, बिलिंग उघडलं, लॉकबिक काही नाई आलं. उधारीचं खातं उघडून पाह्यलं, मागच्या खरिपाची सारी नावं जागेवर. पह्यलेपेक्षा लवकर उघडते, म्हंजे सोनं भाऊ, तुमच्या त्या ६३ सेक्टरचा मले तरी काही फरक समजून नाई रायला.

माय कॉम्प्युटरमध्ये सी फक्त १४९ जीबी दाखवते, बाकी डिस्क मॅनेजमेंटमध्ये काळ्या पट्टीत रिकामी दिसते. ते वापरता येईन ना? अन् जुन्या १६० चं काय करू, फॉरमॅट मारून गानेबिने ठेवाले वापरू का?

जुनंतेसोनं_अकोट

तुमची जुनी डिस्क मरणपंथाला होती, तिच्यापुढं काहीही फास्टच वाटणार, असो.

१४९ बरोबर आहे, कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४ नं. रिकामी जागा वापरता येईल, सर्व्हिस पॅक ३ आहे म्हणून पूर्ण दिसते आहे. पण ते पार्टिशन मिंटच्या जीपार्टेडनं बनवा, प्रायमरी प्रकारचं, अलाइन एमआयबी, एनटीएफएस. निदान तेवढं तरी अलाइन होईल, माझ्या समाधानासाठी. एमबीआरमध्ये प्रायमरी चारच होतात, ताई म्हणतात तसं मिंट टाकायचं असेल तर एक जागा त्याला सोडा. एक्सटेंडेड-लॉजिकलच्या नादी लागू नका, नव्या पद्धतीनं बनवलेले लॉजिकल ड्राइव्ह एक्सपीच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये काही बदल केला की गायब झालेले मी पाहिले आहेत.

पेचकस_बडनेरा

जुन्या डिस्कवर गाणी नको. मिंटमध्ये 'डिस्क्स' नावाचा प्रोग्राम आहे, त्यात स्मार्ट डेटा (डिस्कच्या तब्येतीची नोंद) बघा, रिअॅलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले) अन् पेंडिंग सेक्टर (वाचायला अडणारे) या दोन ओळी. पेंडिंगमध्ये शून्यापेक्षा जास्त असणार हे मी न बघता सांगतो. तिच्यावर आजची तारीख लिहून चिठ्ठी चिकटवा अन् कपाटात ठेवा. तो शेवटचा बॅकअप समजा, वापर नाही. अन् बिलिंगचं डेटा फोल्डर रोज संध्याकाळी पेन ड्राइव्हवर. नवी डिस्क पण काही कारखान्यातून आजच आलेली नाही, पुतण्यानं किती वर्षं वापरली ते त्याच पानावर पॉवर ऑन अवर्समध्ये दिसेल.

पराटी_आर्वी

पाह्यलं. जुनीत पेंडिंग ४८. पुतण्याच्या डिस्कचे तास ९,३०० अन् दोन्ही ओळी शून्य. चिठ्ठी लावून कपाटात ठेवली.

आता तो पुतण्या म्हनते काका डिस्क चांगली निघाली तर परत द्या. त्याले सांगितलं, तुह्यी लग्नाची ५०० वाली घे.